शॉकची स्प्रिंग बदलायची कधी, कोणती आणि कशी?

वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की लांबच्या सफरींची तयारी सुरू होते आणि मोटरसायकलच्या मागच्या शॉक ॲब्सॉर्बरबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बरीच पत्रं स्प्रिंगभोवतीच फिरत होती, म्हणून हे सदर पूर्ण तिलाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गाडी हिमालयन ४११. एकटा असताना काही तक्रार नाही. बायको मागे, दोन्ही बाजूंना पॅनिअर आणि वर टॉप बॉक्स असा संसार चढला की कुंभार्ली घाटातल्या खड्ड्यांत मागून 'धाड्' आवाज येतो. प्रीलोडची रिंग पूर्ण आवळलेली आहे. मेकॅनिक म्हणतो स्प्रिंग मेली, नवी टाका. टाकू का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : स्प्रिंग सहसा मरत नाही. पोलादाचा ताठरपणा वर्षानुवर्षं तोच राहतो. फार तर ती थोडी 'बसते', म्हणजे मोकळी असतानाची तिची लांबी दोन-चार मिलिमीटरनं कमी होते. म्हातारं होतं ते शॉकमधलं तेल आणि सील. त्यामुळे तशीच्या तशी नवी स्प्रिंग टाकलीत तर पैसे जातील आणि 'धाड्' राहील. तुमच्याकडे ओझं वाढलं आहे, आणि त्या ओझ्याला आताची स्प्रिंग हलकी पडते आहे.

प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवणारी, रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का गैरसमज. रिंग फक्त गाडीची मागची बाजू उचलते. मिलिमीटरमागे ९० न्यूटन घेणारी स्प्रिंग रिंग सैल असतानाही ९० घेते आणि आवळल्यावरही ९०च घेते. खड्ड्यात ती तेवढीच भराभर दबणार; फक्त जरा वरून सुरुवात करणार.

निर्णय घ्यायच्या आधी सॅग, म्हणजे भारानं गाडी मागून किती बसते ते, मोजा. मागच्या ॲक्सलच्या नटाचा मध्य आणि त्याच्या बरोबर वर टेल पॅनेलवर चिकटवलेल्या टेपवरची खूण, यांतलं अंतर घ्यायचं. एक जण गाडी धरेल, एक बसेल, एक मोजेल. तीन माणसं लागतातच. पहिलं माप मेन स्टँडवर, चाक लोंबकळत असताना. दुसरं गाडी स्वतःच्या चाकांवर उभी, रिकामी. तिसरं तुम्ही हेल्मेट-जॅकेटसकट बसल्यावर, पाय फूटपेगवर. चौथं पूर्ण संसारासकट. पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की रिकामा सॅग, तिसरं वजा केलं की चालकासह सॅग, चौथं वजा केलं की भरलेला सॅग.

सील आणि लिंकेज (चाक आणि शॉक यांना जोडणाऱ्या तरफा) यांच्या घर्षणामुळे एकाच स्थितीत दोन वेगळी मापं येतात. म्हणून एकदा सीट खाली दाबून हळूच सोडा आणि मोजा, एकदा मागून उचलून हळूच सोडा आणि मोजा, मग सरासरी घ्या. दोन मापांत दहा मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर स्प्रिंगचा विचार बाजूला ठेवा. लिंकेजची बेअरिंगं कोरडी पडली आहेत, आधी ती उघडा.

तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाची चाल, म्हणजे ते वर-खाली जाऊ शकतं ते अंतर, १८० मिमी आहे. टूरिंगसाठी चालकासह सॅग चालीच्या २५ ते ३३ टक्के, म्हणजे साधारण ४५ ते ६० मिमी असावा. एवढी चाल असलेल्या गाडीत रिकामा सॅग १५ ते २५ मिमी ठीक. आता गंमत बघा. भरलेल्या गाडीचा सॅग जागेवर आणण्यासाठी रिंग इतकी आवळावी लागली की रिकामा सॅग शून्यावर आला, तर स्प्रिंग मऊ आहे. उलट चालकासह सॅग बरोबर आणि रिकामा सॅग ३५-४० मिमी येत असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंगला जास्त आवळून ठेवावं लागतं, त्यामुळे रिकामी गाडी पार वर ताणून बसते. अशी गाडी पुढचा ब्रेक जोरात दाबला की मागून हलकी होते, कारण चाकाला खाली जायला चालच उरलेली नसते.

तुम्ही रिंग शेवटपर्यंत नेऊनही धाड् येतो आहे, त्यामुळे मोजमापाचा निकाल बहुधा मऊ स्प्रिंगच्याच बाजूनं लागेल. तरी मोजा. तोच आकडा पुढच्या उत्तरात लागणार आहे. आणि शॉकच्या दांड्यावरचा रबरी बंप स्टॉप जागेवर आहे का, तेही पाहा. तो भुगा होऊन पडला असेल तर एरवी 'धप्' होणारा आवाज 'धाड्' होतो.

प्रश्न : स्प्रिंग कडक हवी हे कळलं, पण किती? दुकानदार '१०० किलोच्या माणसासाठी', 'हेवी ड्युटी' असं सांगून विकतात. स्प्रिंगवर कोरलेले आकडे वाचायचे कसे?
(दोन वाचक, नाशिक आणि पणजी)

उत्तर : 'हेवी ड्युटी' हे माप नव्हे. विकणाऱ्याला तीन आकडे विचारा: ताठरपणा, मोकळी लांबी, आतला व्यास. तिन्ही देता येत नसतील तर स्प्रिंग घेऊ नका.

ताठरपणा न्यूटन प्रति मिमी, किलो प्रति मिमी किंवा पौंड प्रति इंच यांत लिहितात. १ किलो प्रति मिमी म्हणजे ९.८ न्यूटन प्रति मिमी, म्हणजेच ५६ पौंड प्रति इंच. केटीएमवरच्या डब्ल्यूपी शॉकच्या स्प्रिंगवर '६५-२१०' अशा धर्तीचे आकडे असतात: आधी न्यूटन प्रति मिमी, मग मोकळी लांबी मिमीत. काही स्प्रिंगांवर नुसता भाग क्रमांक किंवा रंगाचा ठिपका असतो. मग व्हर्नियर काढा.

ताठरपणाचं सूत्र वेठोळ्यांच्या स्प्रिंगला सगळीकडे तेच: तारेच्या जाडीचा चौथा घात गुणिले ७९,००० (पोलादाचा कर्तन गुणांक, न्यूटन प्रति चौरस मिमीत), भागिले ८ गुणिले वेठोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन गुणिले काम करणारी वेठोळी. सरासरी व्यास म्हणजे बाहेरच्या व्यासातून एका तारेची जाडी वजा. दोन्ही टोकांची सपाट घासलेली वेठोळी मोजायची नाहीत. तार १२ मिमी, सरासरी व्यास ७२, काम करणारी वेठोळी ६ असतील तर उत्तर ९१ येतं. तार १२.५ केली की १०८. तार १३ केली की १२६. अर्ध्या मिलिमीटरनं अठरा टक्के! म्हणून रंगाच्या थरावरून माप घेऊ नका. एका कोपऱ्यात रंग खरवडा आणि उघड्या धातूवर व्हर्नियर लावा.

आता किती कडक हवी ते. एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, कुठल्या एका मॉडेलचे नाहीत. चाकाची चाल १८० मिमी, शॉकचा स्ट्रोक (दांडा आत जातो ते अंतर) ७२ मिमी, म्हणजे तरफेचं प्रमाण २.५. स्प्रिंग ९०. चाकापाशी जाणवणारा ताठरपणा मिळवायला त्या प्रमाणाच्या वर्गानं भागायचं: ९० भागिले ६.२५, म्हणजे १४.४ न्यूटन प्रति मिमी. उलट, रिंग एक मिमी आवळली की गाडीची मागची बाजू अडीच मिमी उचलते.

गाडीचं मागचं स्प्रिंगवरचं वजन (चाक आणि ते धरणारा स्विंगआर्म सोडून) ८३ किलो धरा. चालक ७५ किलोचा, त्यातले ५० मागे येतात. मागे बसणारी व्यक्ती ६० किलोची आणि सामान ३० किलो. यातले ८४ मागच्या चाकावर. प्रीलोड १४ मिमी ठेवला तर रिकामा सॅग २१ मिमी, चालकासह ५५. छान. दोघं आणि सामान चढलं की ११३ मिमी, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश चाल निघण्यापूर्वीच संपलेली. रिंग आणखी १० मिमी आवळा: भरलेला सॅग ८८वर येतो, पण रिकामा शून्य.

तिथे ११०ची स्प्रिंग लावली तर? एकट्यासाठी प्रीलोड ८ मिमी ठेवून सॅग ५४ राहतो, भरलेल्या गाडीला १८ मिमी देऊन ७६वर येतो. १२०ची लावली तर एकट्यासाठी १० मिमी प्रीलोडवर सॅग ४३ येतो, म्हणजे जरा कडक. भरलेल्या गाडीला १८ मिमीवर ६६, म्हणजे उत्तम. वर्षातून दोनदा जोडीनं जाणाऱ्याला आम्ही ११० सांगू. कायम जोडीनंच फिरणाऱ्याला १२०.

वजनं अंदाजानं धरू नका. धान्याच्या दुकानात किंवा भंगारवाल्याकडे प्लॅटफॉर्म काटा असतो. मागचं चाक त्यावर, पुढचं चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर, गाडी सरळ धरलेली. रिकामी, चालकासह आणि पूर्ण भरलेली असे तीन आकडे घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि दुकानदाराच्या 'शंभर किलोवाला'पेक्षा शंभर पटींनी भरवशाचं.

शेवटी एक तपासणी राहते. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर वेठोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. एकूण वेठोळी ८ आणि तार १२ असेल तर स्प्रिंग ९६ मिमीच्या खाली दबू शकत नाही. मोकळी लांबी २०० असेल तर हाताशी १०४ मिमी. स्ट्रोक ७२ आणि प्रीलोड १८ मिळून ९०. चौदा मिमी शिल्लक, चालेल. तार जाड झाली की ही शिल्लक आधी खाल्ली जाते. तीन मिमीच्या खाली आली तर ती स्प्रिंग घेऊ नका. वेठोळी टेकली की सगळा धक्का शॉकच्या कानांवर (टोकांच्या बोल्टाच्या भोकांवर) आणि फ्रेमवरच्या माउंटिंगवर जातो.

प्रश्न : मोनोशॉक घरी उतरवून स्प्रिंग बदलता येईल का? हत्यारं काय लागतील? आमच्या गावात स्प्रिंग दाबायचं यंत्र असलेलं गॅरेज नाही.
(एक वाचक, राजापूर)

उत्तर : शॉक उतरवणं आणि चढवणं घरी होतं. स्प्रिंग दाबून तिला धरून ठेवणारी कॉलर काढायचं काम मात्र, यंत्र नसेल तर, शॉक पिशवीत घालून रत्नागिरी-कोल्हापूरला नेऊन करून आणा. कारण साधं आहे: १२० न्यूटनची स्प्रिंग २५ मिमी दाबली की तिच्यात ३,००० न्यूटन, म्हणजे तीनशे किलोच्या वर जोर साठतो. कारच्या शॉकसाठी मिळणारे दोन हुकांचे कॉम्प्रेसर इथे धोक्याचे आहेत. मोटरसायकलच्या स्प्रिंगची वेठोळी जवळजवळ आणि व्यास लहान, त्यामुळे हुक पूर्ण बसत नाही आणि एका बाजूनं निसटतो. दोरी, साखळी, बाक-पाना असले प्रयोग मुळीच नकोत. दोन पाट्यांमध्ये स्प्रिंग सरळ दाबणारी चौकटच हवी.

एक सवलत आहे. शॉकच्या अंगावर लांब आटे असून त्यावर दोन रिंगा (एक प्रीलोडची, एक लॉकची) असतील, तर पुष्कळदा रिंगा पार मागे घेतल्या की स्प्रिंग हातानं हलण्याइतकी सैल होते आणि खालची कॉलर यंत्राशिवाय निघते. खाचांची पायरी असलेल्या रिंगेत ही सोय नाही.

शॉक उतरवताना पहिला नियम: पॅडॉक स्टँड चालत नाही. तो स्विंगआर्मला उचलतो, आणि शॉकचा बोल्ट निघाला की फ्रेम सरळ खाली बसते. मेन स्टँड फ्रेमला असतो, तो चालतो. मेन स्टँड नसेल तर फूटपेगच्या माउंटिंगखाली किंवा इंजिनाखालच्या फ्रेमच्या नळ्यांखाली आधार द्या. सायलेन्सर किंवा इंजिनाच्या पातळ सम्पखाली जॅक लावू नका. पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधा.

सीट आणि बाजूची पॅनेल काढा. काही गाड्यांत बॅटरीचा ट्रे किंवा मडगार्डचा आतला भागही सरकवावा लागतो. सुटं करण्याआधी फोटो घ्या: गॅसची डबी कुठल्या बाजूला, रिबाउंडचा (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग ठरवणारा) स्क्रू कुठे, बोल्टाचं डोकं डावीकडे की उजवीकडे. प्रीलोड सैल करण्याआधी लावलेल्या स्थितीत स्प्रिंगची लांबी मोजून लिहा. जमलं नाही तर परत यायला हा आकडा लागतो. मग आट्यांवर टूथब्रश आणि रॉकेल मारून माती काढा. मातीसकट रिंग फिरवली तर ॲल्युमिनियमचे आटे चिरडतात, आणि अख्खा शॉक त्यापायी जातो. स्क्रू ड्रायव्हर-हातोडीनं रिंग ठोकू नका, सी-पाना वापरा.

आता मागच्या चाकाखाली लाकडी पाचर सरकवा आणि चाक केसभर उचला. बोल्टावरचा भार गेला की तो हातानं फिरतो; फिरत नसेल तर पाचर पुढे-मागे करा. ठोकून काढलेला बोल्ट आटे खराब करूनच निघतो. आधी खालचा बोल्ट (लिंकेज असेल तर लिंकेजचा), मग वरचा. वरचा निघताना शॉक एका हातानं धरा. चार-पाच किलोचा असतो आणि बोटांवर पडतो.

शॉक हातात आला की आधी त्याची तपासणी, नवी स्प्रिंग नंतर. जुनी स्प्रिंग काढल्यावर दांडा पूर्ण आत दाबा आणि सोडा. गॅसचा शॉक स्वतःहून सावकाश, एका चालीनं बाहेर येतो. मध्येच 'पोकळ' जागा लागली, काहीच विरोध न होता दांडा सरकला, तर तेल कमी आहे किंवा गॅस गेला आहे. दांड्यावर नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर नवा सील टिकणार नाही. अशा शॉकवर महाग स्प्रिंग चढवणं म्हणजे फुटक्या माठाला नवं झाकण. गॅसचा व्हॉल्व्ह घरी उघडू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो आणि तो परत भरायला वेगळी सोय लागते.

कॉलर बहुतेक वेळा एका बाजूनं कापलेली किंवा दोन अर्धचंद्रांची असते. स्प्रिंग दाबल्यावर ती बोटानं नाही, लांब पक्कडीनं ओढायची. नवी स्प्रिंग चढवताना तिचं टोक कॉलरच्या पायरीत बसलं आहे ना ते पाहा, आणि कापलेल्या कॉलरची फट स्प्रिंगच्या टोकाखाली येऊ देऊ नका. रिंग आणि स्प्रिंग यांच्यामध्ये नायलॉनची पातळ चकती असेल तर ती टाकू नका. तिच्याशिवाय पुढच्या वेळी रिंग फिरणार नाही.

चढवताना लिंकेजची नीडल बेअरिंगं रॉकेलनं धुऊन, सुकवून लिथियम ग्रीस भरा. सुया सुट्या निघतात, ताटात काम करा. नायलॉक नट नवे घ्या. बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानं आवळा. शॉकच्या कानात रबरी बुश असेल तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून करा. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नीडल बेअरिंग असेल तर हा प्रश्न येत नाही.

गाडी खाली आली की सॅग पुन्हा मोजा. मागून उंची बदलली म्हणजे चेनचा ढिलेपणा बदलला, तो तपासा. हेडलाइटची उंची तपासा. आणि साइड स्टँडवर लावून हलवून पाहा: मागून दहा-पंधरा मिमी उचललेली गाडी स्टँडवर जास्त कलून उभी राहते.

प्रश्न : स्प्रिंगच्या वेठोळ्यांत बसवायचे रबर किंवा सिलिकॉनचे बफर स्वस्तात मिळतात. नाहीतर एक वेठोळं कापून स्प्रिंग कडक करता येते असंही ऐकलं. दोन्हींत चांगलं काय?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही नको. बफरनं एक वेठोळं अडतं. सहातलं एक बाद झालं की उरलेल्या पाचांवर काम येतं आणि स्प्रिंग वीस टक्के कडक होते, हे खरं. पण त्या पाच वेठोळ्यांतला ताण वाढतो, रबराखाली रंग घासला जातो, तिथे पाणी आणि बारीक रेती साचते, गंज धरतो. स्प्रिंग तुटायची झालीच तर बहुतेक अशाच गंजलेल्या खळग्यापासून तुटते. रबर वेठोळ्यातून फिरत जाऊन एका बाजूला जमलं तर स्प्रिंग वाकडी दबते आणि शॉकच्या अंगावर घासते.

कापलेली स्प्रिंगही कडक होते, पण तेवढीच आखूडही. मागची बाजू बसते, स्टिअरिंग जड होतं, आणि कापलेलं टोक सपाट नसल्यामुळे कॉलरवर एका बिंदूवर टेकतं. ग्राइंडरनं किंवा गॅसकटरनं कापली तर टोकाजवळच्या पोलादाचं पाणी (कठीणपणा) उतरतं, ते वेगळंच. बफरच्या पैशात त्यापेक्षा जुन्या स्प्रिंगवरच शॉकचा रिबाउंड आणि टायरची हवा नीट लावून घ्या. मॅन्युअलमध्ये भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकाचा आकडा वेगळा दिलेला असतो. तो पाळणारे थोडे.

प्रश्न : इंटरसेप्टर ६५०. मागे दोन शॉक. एकच स्प्रिंग बदलली तर चालेल का? सॅग किती ठेवू?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही एकदम, एकाच मापाच्या. आणि दोन्हीकडची प्रीलोडची खाच एकच. नाहीतर स्विंगआर्मला पीळ बसतो. या गाडीची मागची चाल ८८ मिमीच आहे, म्हणून चालकासह सॅग २२ ते २९ मिमी, रिकामा ५ ते १२. शॉक एका वेळी एकच काढा. दुसरा जागेवर असला की स्विंगआर्म हलत नाही आणि पाचरीची कसरत वाचते. वेठोळी एका टोकाला दाट आणि एका टोकाला विरळ असतील तर ती प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग: दाट वेठोळी आधी टेकतात, मग ताठरपणा वाढतो. कुठलं टोक वर हे बनवणारा सांगतो. दोन्हीकडे सारखं ठेवा, एवढं पुरे.

प्रश्न : तीस टक्के कडक स्प्रिंग टाकली. आता गतिरोधकावरून गेलं की मागची सीट हिसका देऊन वर येते, बायकोनं मागे बसायचं नाकारलं आहे. स्प्रिंग चुकली का?
(एक वाचक, संगमनेर)

उत्तर : स्प्रिंग चुकली नसावी, रिबाउंड मागे राहिला आहे. जास्त कडक स्प्रिंग जास्त जोरानं परत येते आणि तिला आवरणारं डॅम्पिंग जुन्याच स्प्रिंगच्या मापाचं आहे. रिबाउंडचा स्क्रू (बहुधा शॉकच्या खालच्या टोकाला) असेल तर आधी तो पूर्ण आत फिरवून किती क्लिक होतात ते मोजा, लिहा, परत पहिल्या जागी आणा. मग एका वेळी एक-एक क्लिक आत घ्या. सीट जोरात दाबून सोडल्यावर ती एका चालीत वर येऊन थांबली पाहिजे, वर येऊन पुन्हा खाली डुलता कामा नये. तीस टक्क्यांच्या फरकाला दोन-तीन क्लिक लागतात, कधी चार.

जास्तही आवळू नका. रिबाउंड फार मंद झाला की लागोपाठच्या छोट्या खडबडीवर चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही, शॉक दर धक्क्याला थोडा-थोडा आत जात राहतो आणि शेवटी दगडासारखा वाटतो. लोक याला स्प्रिंग कडक झाली म्हणतात आणि आणखी घोटाळा करतात. लांब घाट उतरल्यावर शॉकमधलं तेल तापून पातळ होतं, म्हणून शेवटची जुळणी गाडी अर्धा तास चालवून झाल्यावर करा.

रिबाउंडचा स्क्रूच नसलेल्या शॉकमध्ये पंधरा-वीस टक्क्यांपलीकडे कडक स्प्रिंग टाकू नये. तुमच्या शॉकला स्क्रू नसेल तर शॉक उघडून आतल्या शिम (डॅम्पिंग ठरवणाऱ्या पातळ चकत्या) बदलणाऱ्याकडे न्यावा लागेल, किंवा एक पायरी हलकी स्प्रिंग घ्यावी लागेल. दुसरा पर्याय स्वस्त आणि बहुतेकांना पुरतो.

प्रश्न : यामाहा एफजेआर१३००. शॉकला 'सॉफ्ट-हार्ड' असा खटका आहे. हार्डवर टाकलं की एकट्याला दणके बसतात, सॉफ्टवर दोघांना डुलते. मधलं काही करता येईल?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या शॉकवर एकावर एक दोन स्प्रिंगा आहेत, एक लांब, एक आखूड. सॉफ्टवर दोन्ही काम करतात आणि दोन स्प्रिंगा एकापुढे एक लावल्या की मिळून कुठल्याही एकीपेक्षा मऊ होतात. हार्डवर खटका आखूड स्प्रिंगेला बाद करतो, उरते ती एकटी लांब. म्हणजे हा खटका नुसता प्रीलोडचा नाही, तो ताठरपणाच बदलतो. म्हणून मधली पायरी नाही. मधलं हवं असेल तर दोन्ही काढून वर सांगितलेल्या हिशेबानं निवडलेली एकच सरळ स्प्रिंग, तिच्या मापाच्या स्पेसरसह लावतात. खटका मग शोभेचा उरतो आणि प्रीलोड रिंगेनंच बदलावा लागतो. तेवढी तयारी असेल तरच करा.

प्रश्न : स्प्रिंग बदलल्यापासून मागून 'टक्' असा एकच आवाज येतो, रोज नाही, फक्त खड्ड्यातून वर येताना.
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर : वर येताना येणारा एकच 'टक्' म्हणजे दोनांपैकी एक. शॉक पूर्ण उघडून आतल्या थांब्याला आपटतो आहे; रिकामा सॅग मोजा, पाच मिमीच्या खाली असेल तर रिंग सैल करा. किंवा स्प्रिंगचं टोक कॉलरच्या पायरीत न बसता तिच्यावर चढलं आहे आणि दबून सुटताना जागा बदलतं. टॉर्चच्या उजेडात खालची कॉलर पाहा: रंगावर चंद्रकोरीसारखा ताजा घासलेला पट्टा दिसला तर तेच. रिंग पूर्ण सैल करून, स्प्रिंग हातानं फिरवून टोक पायरीला टेकवा आणि पुन्हा आवळा. दोन्ही ठीक असतील तर लिंकेजचे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासा; सैल बोल्टाचा आवाज मात्र चाक हातानं वर-खाली हलवल्यावरही येतो.